अध्यक्षांच्या टेपा, आप्पांचा आवाज

१७ जुलै १९७३

स्वतःच्याच खोलीत टेप लावून ठेवली होती म्हणे! आणि कुणाला पत्ता नाही! सकाळी दुकान झाडता झाडता शॉर्टवेव्हवर ऐकलं आणि केरसुणी हातातच राहिली. अमेरिकेच्या अध्यक्षाच्या कचेरीत कुणी तोंड उघडलं की चाक आपोआप फिरायला लागतं. विरोधी पक्षाच्या कचेरीतल्या घरफोडीची चौकशी चाललीय, त्या समितीपुढं अध्यक्षांच्याच पूर्वीच्या एका माणसानं काल सांगून टाकलं.

आधी हसू आलं. माझा धंदाच हा — लाऊडस्पीकर, माईक, टेप. कोपरगाव तालुक्यात लग्नात नाहीतर सभेत कर्णा वाजला की तो बहुतेक माझाच. आणि या धंद्यातली पहिली अक्कल ही, की माईक चालू आहे का ते बोलायच्या आधी बघावं! एवढा मोठा माणूस एवढं विसरला?

मग हसू थांबलं. विसरला नव्हता. लोभ होता. आपलं बोलणं आपल्या मागं उरावं हा लोभ. आप्पासाहेबांनाही होता. धोंडेवाडीचे सरपंच. गेल्या कार्तिकात सभेहून घरी आले, पाणी मागितलं, आणि पाणी यायच्या आत गेले. प्रत्येक सभेला मला बोटानं खूण करायचे — "गोरख, चाक फिरू दे. उद्या कुनी म्हनाया नको, आप्पा आसं बोललाच न्हाई."

त्यांची रिळं माझ्या कपाटात आहेत. आज का कोण जाणे, कपाटाला कुलूप घातलं.

२२ जुलै

रविवार. कॉलेजातल्या गुगळे सरांकडे गेलो. बी.ए.ला बाहेरून बसलोय, चाळिशीच्या तोंडावर! चौकात म्हणतात, "गोरखभाऊ, आता कर्णा इंग्रजीत वाजनार व्हय?" वाजेल की! आईबाप पाथर्डीकडून ऊसतोडीला आले, मी पाचटावर वाढलो. पहिला कर्णा सायकलला बांधून गावोगाव नेला. आज टेम्पो आहे. मग डिग्री का नसावी?

विषय घेतला अमेरिकेचा आधुनिक इतिहास आणि राज्यव्यवस्था. सर म्हणाले, "अहो, शिवकाल घ्या, सोपं जाईल." म्हटलं, "सर, शिवकालात गाव सगळं तज्ज्ञ. अमेरिकेत मला कोण पकडणार?" सर हसले.

खरं कारण वेगळं. माझ्या अॅम्प्लिफायरखाली अजून सदुसष्ट सालचं अमेरिकेच्या मदतीच्या गव्हाचं पोतं अंथरलेलं आहे. त्यावर दोन हात एकमेकांत धरलेले. त्यातला गहू आम्ही खाल्ला. मग एकाहत्तरला त्याच देशाचं आरमार आपल्याला दम द्यायला बंगालच्या उपसागरात आलं. आणि गेल्या दुष्काळात पुन्हा तिकडचीच लाल मिलो ज्वारी ताटात! हे हात नक्की कुणाचे, ते मला शोधायचंय.

आज सरांनी अमेरिकेची साठ सालची निवडणूक शिकवली. दोन उमेदवारांचा समोरासमोर वाद. सर म्हणतात, ज्यांनी रेडिओवर ऐकला त्यांतल्या पुष्कळांना निक्सन, म्हणजे आत्ताचे हेच टेपवाले अध्यक्ष, सरस वाटला, टेलिव्हिजनवर बघितला त्यांना केनेडी. म्हणजे कान एक सांगतात आणि डोळे दुसरं! मी कानवाला माणूस. नुसत्या खोकल्यावरून सांगेन, दाराशी कोण आहे ते. विचारलं, "मग खरं कोणतं धरायचं?"

"मतपेटीतून निघतं ते," सर म्हणाले.

५ ऑगस्ट

अध्यक्ष टेपा द्यायला तयार नाहीत. मी असतो तर जाळल्या असत्या. — असं लिहितोय खरं. हात धजावला असता का?

२ सप्टेंबर

"चौसष्ट साली उभा होता जॉन्सन. मतं कुणाला पडली?" सरांनी विचारलं.

मी म्हटलं, "मेलेल्याला."

सरांनी चष्मा काढला. बरोबर आलं होतं! त्रेसष्टच्या नोव्हेंबरात केनेडीला गोळ्या घातल्या. त्याच्या जागी बसलेला जॉन्सन सांगत राहिला, त्याचं अपुरं राहिलेलं काम मी पुरं करतोय. सर म्हणाले, "जिवंत पुढाऱ्याला विरोध करता येतो. मेलेल्याला कसा करणार? तो आता चुकतच नाही." लिहून घेतलं. परीक्षेला येण्यासारखं आहे.

११ सप्टेंबर

सहादेवराव आले होते. आप्पासाहेबांचे धाकटे भाऊ.

"गोरखभाऊ, आप्पांचा आवाज हाय ना तुमच्याकडं? वर्षश्राद्धाला लावायचा. गाव ऐकंल."

बरं म्हटलं. पुण्याचं काम. पण ते उठेनात. चहा गार झाला तरी उठेनात. काम सांगून झाल्यावरही माणूस बसून राहिला, तर खरं काम अजून पोटातच असतं.

शेवटी निघालं. पंचायतीची निवडणूक डिसेंबरात आहे. गाव मालनबाईंना, म्हणजे आप्पांच्या मागं राहिलेल्या त्यांच्या पत्नीला, उभं करतंय. आप्पांनी पाझर तलाव मंजूर करून आणला तो वरच्या नाल्यावर. तिकडं कोरडवाहू वस्ती, बाया उन्हाळ्यात दोन कोसावरून हंडे आणतात. सहादेवरावांना तलाव खालच्या नाल्यावर पाहिजे. तिथं त्यांची स्वतःची विहीर आहे. हे त्यांनी सांगितलं नाही, मला ठाऊक होतं. सरपंच होईल तो तलाव नेईल.

"वैनी साध्या हायेत. लोक चढवत्यात त्यांना. आप्पाच म्हनले आस्ते, घरी ऱ्हा, तर ऐकलं आस्तं."

"म्हणाले होते?"

"न्हाई. पन म्हनाया लावता येतं का?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, "बघतो."

त्यांनी दम दिला नाही, लालूच दाखवली नाही. आणि माझं मत मालनबाईंच्याच बाजूला. होईल का, एवढंच बघायचं होतं मला. मेलेला माणूस नवं बोलेल का!

१२ सप्टेंबर

कारभारणीला सांगितलं. भाकरी थापत होती. हात थांबला नाही तिचा.

"मेलेल्याला बोलाया लावताल. मंग गप कसं करताल?"

३ ऑक्टोबर

दुपारी अर्धं दार ओढून बसतो. कानाला हेडफोन, हातात ब्लेड, शेजारी चिकटपट्टी. शब्द कापायचा, दुसऱ्या शब्दाला जोडायचा. आधी नक्कल करून घ्यायला दुसरं मशीन लागतं. ते नाही. मूळ रिळंच कापतोय.

"गावाचा गाडा" पंधरा ऑगस्टच्या भाषणात सापडला. "घर सांभाळावं" कुटुंबनियोजनाच्या शिबिरात. "मालनबाईंनी" कुठून आणावं? तर धोंडेवाडीच्या म्हाताऱ्या सुईणीचा सत्कार झाला होता, तीही मालनबाईच. तिथून उचललं. सहादेव मात्र मिळेना. मिळाला तो असा — "सहादेव, माईक हालवू नको!" त्यातला चिडलेला सहादेव कापून आशीर्वादात बसवला. आणि बसला! आवाज तोच. शेजार बदलला, की राग मायेचा होतो.

५ ऑक्टोबर

समोरच्या हॉटेलातला बन्सी चहा घेऊन आला. दोन कप.

"बन्सी, एकच सांगितला होता."

"आत दोघं बोलत हुते ना?" त्यानं वाकून आत बघितलं. "गेले व्हय ते?"

"कोण?"

त्यानं एक कप माझ्यापुढं ठेवला, दुसरा रिकाम्या खुर्चीपुढं, आणि पाठ न वळवता दारापर्यंत मागं मागं गेला. तो दुसरा चहा मला ओतवेना. दिवे लागले तेव्हाही तिथंच होता, जाड साय धरून.

९ ऑक्टोबर

सगळं जुळलं तरी ऐकताना अंगावर काटा येत होता. काय चुकतंय ते कळेना. शब्द बरोबर, चढउतार बरोबर. आज कळलं.

श्वास नाही!

शब्द कापताना मागचापुढचा श्वास कापला गेला. आवाज चालत राहतो, कुठंच दम घेत नाही. ऐकणाऱ्याची छाती आवळते. रिळांत श्वास शोधले. होते ते टाळ्यांत बुडालेले. शेवटी माईक तोंडाशी धरला आणि माझेच श्वास भरले. कापून दोन जागी जोडले. लावलं.

आप्पासाहेब श्वास घ्यायला लागले.

भर दुपार, रस्त्यावरून बैलगाडी चाललेली, आणि मी माझा श्वास धरून बसलेलो. दोघांनी एकदम घेऊ नये असं वाटलं.

२२ ऑक्टोबर

अध्यक्षानं टेपा मागणाऱ्या सरकारी वकिलाला काढून टाकलं! काढायला लावलं तर मंत्र्यानं राजीनामा दिला, दुसऱ्यानंही नकार दिला, तिसऱ्यानं काढलं. तिसरा नेहमीच मिळतो. धोंडेवाडीला मी कितवा?

दुपारी मालनबाई आल्या. बाजाराला आल्या होत्या. बाकड्याच्या कडेला टेकल्या. मशीनवर रीळ होतं, वर मी टॉवेल टाकलेला.

"वर्षश्राद्धाला त्यांचा आवाज लावनार म्हनं?"

"हो, वहिनी."

"वरच्या वस्तीच्या बाया रोज दारात येत्यात. उभ्या ऱ्हा म्हनत्यात. मला भ्या वाटतं बघा. इचारायचं तर कुनाला? ते आस्ते तर..." बोलणं तिथंच ठेवून त्या टॉवेलाकडं बघत राहिल्या. "काय म्हनत्याल त्या टायमाला, ते करीन."

सांगायला हवं होतं. "चहा घेता?" एवढंच सुचलं.

१५ नोव्हेंबर

आज वर्षश्राद्ध झालं. 

जेवणं उठली. सहादेवरावांनी मान हलवली. लिंबाला बांधलेल्या कर्ण्यातून आप्पासाहेब बोलायला लागले. सुरुवातीला तलावाच्या मंजुरीचं, ते त्यांचं खरं. पहिल्याच शब्दाला बायकांच्या बाजूला सळसळ झाली. बघतो तर सगळ्या सुनांनी पदर पुढं ओढले होते. आप्पा चावडीवर आले की ओढायच्या, तसे. कुणी कुणाला खुणावलं नाही. आणि मालनबाई उठून उभ्या राहिल्या. नवरा बाहेरून आला की बाई उठते ना, तशा.

बोट बटणावर होतं. ठरवलं होतं, पुढचं वाक्य यायच्या आत बंद करायचं; मशीन बिघडलं म्हणून सांगायचं. माझ्या मशीनला कोण विचारतंय? पण कसा बसला जोड, ते कर्ण्यावर ऐकायचं होतं. खरं सांगायचं तर हेच. बटण दाबलं नाही.

"मालनबाईंनी आता घर सांभाळावं." माझा श्वास. "गावाचा गाडा सहादेव हाकील." माझा श्वास. "माझा आशीर्वाद हाय."

टाळी नाही. खोकला नाही. आणि त्या शांततेत मला माझी चूक दिसली. 

नाव! बायकोचं नाव, आणि गावादेखत! आमच्याकडं कुठला नवरा घेतो? "विजयमालाची आई" म्हणायचे आप्पा, लेकीच्या नावानं. नाहीतर "आमच्या घरी". उभ्या जन्मात त्यांनी लोकांत ते नाव उच्चारलं नसेल. अहो, मी या वहीत, जिथं माझ्याशिवाय कुणी नाही, तिथंसुद्धा कारभारणीचं नाव लिहीत नाही! चढ, उतार, श्वास, सगळं तपासलं. कानात इतका गुंग झालो की रीतच विसरलो.

म्हटलं, संपलं. आता कुणीतरी उठून म्हणणार, हे खोटं आहे.

उठल्या त्या साळूबाई. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. काठी थरथरत होती.

"जित्या मानसानं आसं नाव घेतलं नस्तं गं बायांनो. मेल्यावर कसली लाज अन् कसली मर्यादा? हे तिकडचं बोलनं हाय!"

एक बाई रडायला लागली. मग दुसरी. पुरुषांनी टोप्या काढल्या. माझ्या कर्ण्याला, केडगावच्या भंगारातून आणलेल्या त्या पत्र्याच्या कर्ण्याला, गावानं हात जोडले. जे पकडलं जायला हवं होतं त्यानंच ते खरं ठरलं.

मालनबाई उभ्याच होत्या. रीळ संपून टेपेचं टोक फटफट वाजायला लागलं तेव्हा खाली बसल्या.

१६ नोव्हेंबर

सहादेवराव खूश! "काय डोकं चालवलं गोरखभाऊ! नाव घातलंत! मला तर सुचलं नस्तं!" त्यांना वाटतं मी मुद्दाम घातलं.

मालनबाईंनी दार लावून घेतलंय म्हणतात. वरच्या वस्तीच्या बाया सकाळी आल्या, ओट्यावर बसल्या, परत गेल्या.

१९ नोव्हेंबर

अध्यक्षाचे अधिकार व मर्यादा यावर सरांनी निबंध सांगितलाय. एक ओळ लिहून होत नाही. कारभारीण ताट वाढते, आणि माझ्या शेजारी कुणी बसलंय का तसं बघते.

२३ नोव्हेंबर

केनेडीला काल दहा वर्षं झाली. आणि परवा तिकडं कोर्टात अध्यक्षांच्याच वकिलानं सांगितलं, एका टेपेत साडेअठरा मिनिटं बोलणंच नाही. नुसती घरघर!

घरघर मी ओळखतो. कोरी टेपही कधी गप्प नसते. कान लावून बसलं तर आत काहीतरी बोलणी चालल्यासारखं वाटतंच. पण त्यांचं आणि माझं उलटं आहे. तिकडं बोललेलं नाहीसं झालं. इकडं न बोललेलं आलं.

आज सबंध दुपार खरे आप्पा जोडायला बसलो. मालनबाईंपुढं ठेवीन, म्हणेन, हे त्यांचं, ते माझं. जुळेनात! कुठला तुकडा कुठला होता कळेना. "सहादेव" परत चिडेना. एवढा मोठा माणूस, आता त्याचं सलग राहिलंय तेवढं खोटंच.

उद्या जाऊन सांगणार. पुराव्याशिवाय सांगणार.

२४ नोव्हेंबर

गेलो नाही. टेम्पो चालू होईना असं घरी सांगितलं. टेम्पो चालू होता.

२६ नोव्हेंबर

मालनबाईंनी फॉर्म भरला!!

बन्सी सांगत आला. तहसील कचेरीत वरच्या वस्तीच्या बाया बैलगाड्या भरून आल्या होत्या. सहादेवराव दारातच आडवे आले, म्हणाले, "वैनी, आप्पांनी काय सांगितलं, इसरलात व्हय?"

मालनबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इसरले न्हाई. गावापुढं त्यांनी माझं नाव घेतलं. नवऱ्यानं जिचं नाव चारचौघांत घेतलं, ती बाई आता चुलीपुढची ऱ्हायली का? अन् घर सांभाळ म्हनले. घर कशाला म्हनायचे ते? इचारा कुनालाबी — सगळं गाव माझं घर म्हनायचे!"

खरंच म्हणायचे. दर सभेत.

साळूबाईंनी तिथंच कडाकडा बोटं मोडून वहिनींची दृष्ट काढली. सहादेवराव तोंड उघडून उभे! आवाज खोटा म्हणावा तर स्वतः अडकतात, खरा म्हणावा तर फॉर्म भरला जातोय. स्वतःच्या टेपेत सापडलेला दुसरा माणूस मी या वर्षात बघितला. आणि 'गाडा सहादेव हाकील' म्हणाले त्याचं काय, म्हणून विचारायचंही त्यांना सुचलं नाही.

हसलो. फार दिवसांनी हसलो. मग आठवलं, ती बाई एका खोट्या आवाजावर विश्वास ठेवून उभी राहिलीय. उद्या कळलं तर? आता सांगायलाच पाहिजे.

२८ नोव्हेंबर

धोंडेवाडीला गेलो. मालनबाईंना सगळं सांगितलं — सुईणीचं नाव, ब्लेड, माझे श्वास. मी मान वर केली नाही.

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "मेल्यावर बी त्यांनी माझं नाव घेतलं नस्तं."

मग उठून दार लोटलं, पदर सारखा केला. "पन बोलायच्या आधी ते आवंढा गिळायचे, गोरखभाऊ. तेवढं ऱ्हायलं तुमचं. रविवारच्या माझ्या सभेला ते घाला. काय बोलत्याल ते, मी सांगते."